प्रोसीचे गुडघे

न्टिंडा, कंपाला
११ ऑक्टोबर

जोव्हिया,

तुझा निरोप मिळाला. नऊ वर्षं माझ्याशी बोलली नाहीस, आणि आता बोललीस तीही तुझ्या बहिणीच्या, लुकियाच्या तोंडून. "स्कोलास्टिकाला म्हणावं, आत्या म्हणून नको, धंदा म्हणून सांग. माझ्या मुलीला तिकडे अमेरिकेत प्रवेश मिळेल का?" हा निरोप लुकियानं मला बाजारात, टोमॅटोच्या ढिगासमोर उभं राहून, चार बायकांच्या देखत दिला. धंदा म्हणून! बरं. धंदा म्हणून सांगते. फोन करत नाही, कारण तू ठेवून देशील. पत्र फाडायला तरी आधी उघडावं लागतं.

माझा धंदा काय आहे ते तुला तिकडे इंग्लंडात, लीड्समध्ये कळलेलं दिसतंय. बँकेच्या कर्मचारी विभागातून मी निवृत्त झाले, आणि आता औषधाच्या दुकानावरच्या खोलीत बसते. नोकरीत मुरलेली, तिशी गाठलेली माणसं येतात. बँकवाले, इंजिनिअर, एखादा कंटाळलेला डॉक्टर. सगळ्यांचा प्रश्न एकच: परदेशातल्या व्यवस्थापनाच्या शाळेत मला घेतील का? मी त्यांचे कागद वाचते, त्यांना बोलतं करते आणि खरं ते सांगते. बहुतेकांना घरी पाठवते. पाठीमागे मला संत पीटर म्हणतात, स्वर्गाच्या दारावरून परतवून लावते म्हणून. मला काही वाईट वाटत नाही. खोट्या आशेवर घर विकून विमानात बसण्यापेक्षा माझी जीभ स्वस्त पडते.

आता प्रोसीचं. डोकं चांगलं, ते आंब्रोझचं. माझ्या भावाचं डोकं कुणी नाकारणार नाही. प्रवेशपरीक्षेत तिला उत्तम गुण आहेत. विजेच्या कंपनीत ती मोठ्या तारांच्या कामावर आहे, आणि तिच्या हाताखालची माणसं तिच्या बापाच्या वयाची आहेत. अर्ज तिला एकाच ठिकाणी करायचाय, अमेरिकेत, कारण तिथे संपूर्ण शिष्यवृत्ती आहे. नोकरीची दहा वर्षं पूर्ण झाली की ती मिळत नाही, आणि प्रोसीची दहा वर्षं पुढच्या वर्षी भरतात. म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही. तुझ्या पगारातून तू तिला तिकडे शिकवू शकत नाहीस, माझ्या पेन्शनमधून मीही नाही.

अडचणी दोन. पहिली, ती 'मी' म्हणत नाही. सगळं 'आम्ही'. "आम्ही लाइन सुरू केली, आम्ही रोहित्र बदललं." मी विचारलं, आम्ही म्हणजे कोण गं? तर म्हणते, "मी, दोन वायरमन आणि ड्रायव्हर."

"ड्रायव्हरनं काय केलं?"

"प्रार्थना केली, आत्या."

दुसरी अडचण गुडघे. ती आली तेव्हा माझ्या खोलीत तीन गिऱ्हाइकं बसली होती. त्यातला एक नैरोबीचा, टायवाला. ही दारातून आत आली. अंगात पँट, पायात कामावरचे बूट, केसांत धूळ. मला बघताच खाली! सिमेंटवर, दोन्ही गुडघे टेकून, गावाकडे थोरांना भेटतात तशी. "आत्या, दिवस कसा गेला?" नैरोबीवाला हसला. त्याला मी त्याच्या टायसकट बाहेर काढला, पण हसू तर येऊन गेलं होतं.

ती शाळा दरवर्षी मिस हॉलोवे नावाच्या बाईला मुलाखती घ्यायला इथे पाठवते. बाई मला ओळखते, माझ्याकडे चहाला येते, आणि आपल्या लोकांबद्दल माझं मत विचारून जाते. तिला तिथे हवी असते स्वतःच्या पायावर उभी राहणारी बाई. खाली बसणारी नव्हे. आज विचारशील तर तिचा चान्स शंभरात तीस. पण मी तिला उभी करीन.

स्कोलास्टिका


न्टिंडा
८ डिसेंबर

जोव्हिया,

तुझं उत्तर आलं. एक ओळ. "तिला गुडघे टेकायला तूच शिकवलंस."

शिकवलं! मग कोण शिकवणार होतं? आपल्यात मुलीला वळण लावायचं काम आत्याचं, आईचं नाही, हे तुला लग्नात सांगितलं होतं आणि तू मान हलवली होतीस. प्रोसी सहा वर्षांची होती. तुझ्याच स्वयंपाकघरात, चटईवर. मटोके केळ्यांचं पातेलं चुलीवर होतं आणि ती मला पाणी देताना उभीच होती. मी म्हटलं, खाली. ती म्हणाली, "का?" आणि मी जे सांगितलं ते तिनं जन्मभर पाळलं. यात लाज कसली? मला आईनं शिकवलं, नंतर कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर बर्नडेटनं. माझ्या गुडघ्यांची कातडी त्या दोघींनी वाटून घेतली होती. तरी मी बँकेत पुरुषांच्या नाकावर टिच्चून वर गेले.

बरं, ते राहू दे. बातमी चांगली आहे. अर्ज तयार आहे, जानेवारीत जाईल. शनिवारी शनिवारी मी तिला बोलावते. दार उघडून आत यायचं, ताठ, हात पुढे, नजरेला नजर. पहिल्या शनिवारी अर्ध्या वाटेवर गुडघे आपोआप वाकायला लागले. मी ओरडले, "उठ!" ती म्हणाली, "आत्या, हे माझं ऐकत नाहीत." दोघी हसलो. मग मी माझी खुर्ची मध्ये आणून ठेवली आणि म्हटलं, "आजपासून माझ्यासमोर कुठंही गुडघा टेकलास तर मी तुझी आत्या नाही. कुठंही म्हणजे कुठंही. माझ्यासमोर उभं राहायला जमलं तर देवाच्या बापासमोर जमेल."

"कुठंही, आत्या?"

"बहिरी आहेस का?"

तेव्हापासून सुधारली. 'मी'सुद्धा म्हणायला लागली, जरा अडखळत, तोंडात खडा असल्यासारखी. "मी ठरवलं की वीज बंद करायची. साहेब नको म्हणाले. मी केली." हे पहिल्यांदा म्हणाली तेव्हा तिनं लाजून जीभ चावली. मी मनात म्हटलं, शंभरात साठ.

तुला हे वाचून आनंद व्हावा. झाला तरी तू कळवणार नाहीसच.

स्कोलास्टिका


न्टिंडा
१४ मार्च

जोव्हिया,

मसाकाचं कळलंच असेल. लुकियाच्या जिभेला हाड नाही. तरी माझ्याकडून ऐक.

तिथे, आमच्या गावी, वारलेल्या काकांचा वारस बसवायचा विधी होता. अख्खं गोत जमलं होतं. मी सणाची जांभळी, टोकदार खांद्यांची गोमेसी नेसले होते, तुझ्या नवऱ्यानं दिलेली, तिचे खांदे अजून ताठ आहेत. बायकांमध्ये चटईवर मधोमध मला बसवलं होतं, कारण आता आमच्या पिढीत मीच थोरली. प्रोसी उशिरा आली, कामावरून थेट, पण नीट नेसून. म्हाताऱ्यांना गुडघे टेकून भेटली. मोठ्या चुलतीला टेकून भेटली. लुकियाला, हो, लुकियालासुद्धा टेकून भेटली! मग माझ्याकडे आली आणि उभी राहिली. ताठ. हात पुढे. "कशा आहात, आत्या?" नजरेला नजर.

केळीच्या पानात वाफवलेलं उघडत होते ते हात थांबले. मग मागून कुणीतरी म्हणालं, "आता आत्याला हात द्यायचा का? की साहेबीणबाईंना आपण सलाम करायचा?" आणि कुणी हसलं. प्रोसीनं वाकून माझ्या कानात म्हटलं, "पास ना, आत्या?"

मी हात दिला. हसलेसुद्धा. लोकांना काय, बोलू देत. मी काही मनाला लावून घेतलं नाही. जेवले, विधी संपेपर्यंत बसले, सगळ्यांच्या आधी निघाले एवढंच, कारण माझं डोकं चढलं होतं.

मिस हॉलोवे मंगळवारी चहाला येऊन गेली. प्रोसीची मुलाखत आदल्या दिवशी झाली होती. तिचा विषय निघाला. जे विचारलं त्याचं उत्तर दिलं. चहा जरा जास्त उकळला होता. आता शंभरात किती ते सांगता येणार नाही, सगळं तिकडच्या समितीच्या हातात असतं. तू आशा फार वाढवू नकोस. मुलीच्या जातीला फार उंच चढवलं की... असो. ते तुझ्या-माझ्या बोलण्याचं नाही.

प्रोसी या शनिवारी आली होती, मी घरी नव्हते.

स्कोलास्टिका


न्टिंडा
९ एप्रिल

जोव्हिया,

प्रोसीला ना हो, ना नाही. तिला थांबणाऱ्यांच्या यादीत टाकलंय. कुणी माघार घेतली तर बघू, असं. शिष्यवृत्तीचं नावही नाही.

मला या लोकांचं डोकं कळत नाही. मी स्वतः मिस हॉलोवेला फोन केला होता! चहानंतर आठवड्याभरानं, आपणहून. का केला ते विचारू नकोस. आत्यानं भाचीची स्तुती केली यात विशेष काय? मी तिला सांगितलं, आमची प्रॉस्कोव्हिया अतिशय नम्र मुलगी आहे. थोरांपुढे कधी आवाज चढवत नाही. सहाव्या वर्षापासून वळणात वाढलेली आहे, सांगाल ते ऐकते. एवढी चांगली शिफारस मी बँकेत कुणाची केली नाही. आणि त्यानंतर हे! फोनवर मिस हॉलोवेनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मिस स्कोलास्टिका, तुम्ही मला गोंधळात टाकलंत." मी म्हटलं, यात गोंधळ कसला, आता सांगते ते खरं. ती म्हणाली, "आणि आधीचं?"

आधीचं म्हणजे चहाच्या वेळचं. ते काही विशेष नव्हतं.

अमेरिकन लोकांना नम्रता म्हणजे काय ते माहीतच नाही. विनयाला ते दुबळेपणा समजतात. सिस्टर बर्नडेट असती तर तिनं त्या समितीला रांगेत उभं करून छड्या मारल्या असत्या.

तू लुकियाकरवी विचारलंस, मी चर्चमध्ये प्रार्थनेला येते पण पवित्र भाकर घ्यायला उठत का नाही. म्हणजे माझ्यावर पहारा आहे तर! मला गुडघा दुखतो. वेदीपर्यंत चालवत नाही. एवढंच.

प्रोसी म्हणते, "आत्या, तुम्ही प्रयत्न केलात ना, झालं." माझ्यासाठी पपई घेऊन आली होती. दारात उभी राहूनच दिली. मी आत ये म्हटलं नाही.

स्कोलास्टिका


न्टिंडा
२० जुलै

जोव्हिया,

हे पत्र मी तीनदा लिहिलं आणि दोनदा फाडलं. तू मला ओळखतेस. मी शाळेत असल्यापासून एका बैठकीत, खाडाखोड न करता लिहिते.

प्रोसीला प्रवेश मिळाला. शिष्यवृत्तीही. हे तिनं तुला फोनवर सांगितलंच असेल. कसा मिळाला, ते नसेल सांगितलं.

मसाकाहून परतले तेव्हा माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या. मी मनाला लावून घेतलं नाही असं तुला लिहिलं, ते खोटं. पुढच्या तीन रात्री मला झोप नव्हती. "पास ना, आत्या?" हे मला टोमण्यासारखं ऐकू आलं होतं. सगळ्यांना गुडघा आणि मला हात! लुकियाला गुडघा आणि मला हात! मी सांगितलं होतं तेच तिनं केलं, शब्दाला शब्द, हे मला माहीत होतं. माहीत होतं, जोव्हिया. इतक्या लोकांत, एवढं अवघड, केवळ माझ्या शब्दासाठी तिनं करून दाखवलं आणि शाबासकी मागितली. तरी मला ती खाली बसलेली हवी होती. जगापुढे उभी, पण माझ्यापुढे बसलेली.

मंगळवारी मिस हॉलोवेनं कप खाली ठेवून विचारलं, "तुमच्या भाचीबद्दल तुम्ही काय म्हणाल?" मी म्हटलं, "हुशार आहे. पण तिला तिची पायरी कळत नाही. मोठ्यांपुढे वाकत नाही. असल्या मुलीला वर चढवलं तर ती सांगणाऱ्याचं ऐकणार नाही." हे मी बोलले. माझ्या आवाजात, माझ्या चांगल्या कपबशीसमोर. मिस हॉलोवेनं साखर ढवळली आणि विषय बदलला. मला बरं वाटलं. हेही लिहून टाकते. त्या संध्याकाळपुरतं मला बरं वाटलं.

मग रविवारी भाकर घ्यायला उठले आणि पाय उचलेना. मनात पाप ठेवून ती घेता येत नाही. गुडघा ठणठणीत आहे माझा. आठवड्याभरानं फोन केला आणि सगळं उलटं सांगितलं. वाटलं, झालं, भरपाई झाली.

जूनमध्ये प्रोसी आली. समिती तिच्याशी पुन्हा बोलणार होती, मिस हॉलोवेनंच तसं सुचवलं होतं. प्रोसी दारातच उभी. म्हणाली, "आत्या, मिस हॉलोवे म्हणतात, माझ्याबद्दल एकाच माणसाकडून दोन उलट गोष्टी आल्या आहेत. पहिली ऐकून त्या खूश झाल्या होत्या. पायरी न ओळखणारी मुलगी त्यांना हवीच होती. दुसरी ऐकून घाबरल्या. सांगाल ते ऐकणारी मुलगी तिथे काय करणार, म्हणाल्या. तो माणूस कोण, ते त्यांनी सांगितलं नाही."

बघितलंस? मी दुष्टपणानं बोलले ते तिला वर घेऊन गेलं. मी पश्चात्तापानं बोलले त्यानं तिला खाली आणलं. इतकी वर्षं मी माणसांचे चान्स मोजत बसले, आणि कुठला शब्द कुठे जाऊन लागतो एवढंही मला कळत नव्हतं.

मी म्हटलं, "तो माणूस मी."

"दोन्ही वेळा?"

"दोन्ही वेळा."

ती खुर्चीवर बसली. मी न सांगता, माझ्या देखत खुर्चीवर बसायची तिची ही पहिलीच वेळ. तिनं बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली. मग विचारलं, "मसाकामुळे?"

"हो."

"पण तुम्हीच म्हणालात, कुठंही म्हणजे कुठंही."

"म्हणाले."

"मी दोन रात्री सराव केला होता, आत्या. आरशासमोर. दाराची कडी धरून, गुडघे वाकू नयेत म्हणून." मग ती हसायला लागली. हसता हसता रडली, आणि रडता रडता म्हणाली, "तिथे लुकियामावशीचं तोंड बघितलं होतं का?" मलाही हसू आलं. देवा, त्या वेळी मला हसू यायला नको होतं.

मी म्हटलं, मी समितीला लिहून पाठवते, दोन्ही खोटं होतं म्हणून. ती म्हणाली, "नको. तुमच्या शब्दावर आता कोण विश्वास ठेवणार?" हे तिनं टोचून म्हटलं नाही. तारेत वीज नाही असं सांगावं तसं म्हटलं. मग म्हणाली, "आत्या, ते विचारतील, यातलं खरं कोणतं. मला एकच खरं उत्तर येतं. मसाकाची गोष्ट. मी ती सांगू का?"

जोव्हिया, माझं नाव त्या शाळेत आहे. कित्येक वर्षं मिस हॉलोवे माझ्या शब्दावर माणसं उचलते. ही गोष्ट गेली की ते गेलं. शिवाय मी आंब्रोझची बहीण, आणि परक्या लोकांच्या टेबलावर घरचं धुणं! तिनं घाई केली नाही. ती उत्तराची वाट बघत होती, आणि मी नाही म्हटलं असतं तर तिनं खरंच सांगितलं नसतं. सांगाल ते ऐकते, हे मी फोनवर म्हटलं होतं ना, तेवढं खरं होतं.

मी म्हटलं, "सांग. आणि माझं नाव घेऊन सांग. 'माझ्या एका नातेवाइकानं' असलं काही नको."

तिनं सांगितली. नंतर तिनं मला सगळं म्हणून दाखवलं. "मी गुडघे टेकते, कारण मला माझी माणसं आवडतात. माझ्या आत्यानं मला उभं राहायला शिकवलं, म्हणून मी तिच्यासमोर उभी राहिले. तिला ते सोसलं नाही. उद्या माझ्या हाताखालचं कुणी माझ्यासमोर असं उभं राहिलं, तर मला सोसेल का, हे मला माहीत नाही. तेच शिकायला मी येते आहे." 'मी' न अडखळता. दोन आठवड्यांनी पत्र आलं.

मिस हॉलोवेचंही मला आलं, दोन ओळींचं, सभ्य. यापुढे ती इथल्या माणसांबद्दल दुसऱ्या कुणाला विचारील. औषधाच्या दुकानावरची खोली मी सोडली.

आता हे पत्र का. प्रोसी ऑगस्टमध्ये अमेरिकेला जाताना आधी तुझ्याकडे लीड्सला चार दिवस उतरणार आहे. काल सामान बांधताना मी विचारलं, आईला काय काय सांगितलंस? ती म्हणाली, "प्रवेश मिळाला एवढंच. तुमचं काही सांगितलं नाही. विचारलं तर म्हणेन, आत्यानं मदत केली." कपड्यांच्या घड्या घालत, सहज. त्या समितीला तिनं सगळं सांगितलं, आणि स्वतःच्या आईशी माझ्यासाठी खोटं बोलायची तयारी केली. मला तुझ्यासमोर उभं ठेवायला.

नऊ वर्षांपूर्वी आंब्रोझच्या मयतीला तू इंग्लंडहून येऊन पोचलीस तेव्हा मी सगळ्यांदेखत तुला काय म्हणाले होते, ते तू विसरली नाहीस. मीही नाही. त्याबद्दल मी इथे काही लिहीत नाही, दोन्ही एकाच पाकिटात घालून स्वस्तात सुटायचं नाही मला.

हे पत्र मी प्रोसीच्या हातून पाठवू शकले असते, पोस्टाच्या तिकिटाचे पैसे वाचले असते. पण मी ते टपालानं पाठवते आहे, म्हणजे ती यायच्या आधी तुला पोचेल. ती दारात आली की तिला आत्याबद्दल काही विचारू नकोस. तिला जेवायला वाढ.

स्कोलास्टिका